पाड्यावरचे सहा मुक्काम : नर्सिंगच्या मुलींना घेऊन पेठ तालुक्यात राहिलो त्याचा अनुभव

शिबिर संपून चार महिने झालेत, हिशेबाची शेवटची पावती मागच्या आठवड्यात कॉलेजच्या अकाउंटला जमा केली, आणि आता डोकं जरा मोकळं झाल्यावर लिहायला बसलेय. मी नाशिकमधल्या एका खासगी नर्सिंग कॉलेजात कम्युनिटी हेल्थ शिकवते. २०२५च्या जानेवारीत मी आणि माझी एक सहकारी बी.एस्सी. नर्सिंगच्या १८ मुलींना घेऊन पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावर सहा रात्री राहून आलो. हे करायचं ठरवलं तेव्हा आधी कुणाला भेटायचं, अर्ज कुठे द्यायचा, पैसे किती लागतील, हे नीट सांगणारं कुणी सापडत नव्हतं. म्हणून सगळं तारखांसकट लिहून ठेवते, कुणाला तरी उपयोग होईल.

तसं बघितलं तर रुरल पोस्टिंग आमच्या अभ्यासक्रमातच आहे. पण बऱ्याच ठिकाणी ते कसं होतं, सकाळी बस निघते, दहाच्या सुमारास गावात पोचते, मुली घरोघरी सर्व्हेचे फॉर्म भरतात, झाडाखाली बसून डबे खातात, मग एखादं पथनाट्य नाहीतर हात धुण्याचं प्रात्यक्षिक, की चारला परत. नऊ वर्षं मी हेच करत आले. फॉर्मच्या शेवटी ‘आरोग्य समस्येचे कारण’ असा रकाना असतो आणि त्यात जवळजवळ प्रत्येक फॉर्मवर एकच शब्द यायचा, अज्ञान. नाहीतर ‘जनजागृतीचा अभाव’. आणि मी त्यावर बरोबरची खूण करून मार्क देत आले, हे मला आता फार लागतं.

मुक्कामी शिबिराची कल्पना काही माझी नाही. सेवाग्रामच्या मेडिकल कॉलेजात, जे डॉ. सुशीला नायर यांनी १९६९ मध्ये सुरू केलं, तिथली पहिल्या वर्षाची मुलं गावात मुक्कामाला जातात आणि प्रत्येकाला काही कुटुंबं नेमून दिलेली असतात. जामखेडला डॉक्टर आरोळे दांपत्याने १९७० पासून गावातल्याच बायकांना आरोग्याचं काम शिकवलं आणि त्याच बायका पुढे बाहेरून येणाऱ्यांना शिकवायला लागल्या. एमबीबीएसला तर २०२२ पासून कुटुंब दत्तक योजना अभ्यासक्रमातच आली. मग नर्सिंगच्या मुली, ज्यांच्यातल्या कितीतरी जणी उद्या उपकेंद्रातच नोकरी करणार आहेत, त्या फक्त दहा ते चार का जाव्यात, एवढाच माझा प्रश्न होता.

२३ सप्टेंबर २०२४ ला पहिला अर्ज दिला. प्राचार्यांच्या लेटरहेडवर, जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांच्या नावे, आणि प्रती तालुका आरोग्य अधिकारी, प्राथमिक आरोग्य केंद्राचे वैद्यकीय अधिकारी आणि ग्रामपंचायतीला. सोबत मुलींची यादी, राहण्याचं ठिकाण, दोघी शिक्षिकांचे मोबाईल नंबर. आठ दिवसांनी चौकशी केली तर कळलं की हमीपत्र हवं, म्हणजे आम्ही कुणाचं रक्त घेणार नाही, कुणाला औषध देणार नाही, आणि गोळा केलेली माहिती कुठे छापणार नाही असं लेखी. ते पहिल्याच अर्जाला जोडलं असतं तर आठ दिवस वाचले असते, तुम्ही जोडा. आणि अर्ज दिला की त्याच क्षणी आवक क्रमांक मागून घ्या. माझा एक कागद एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाताना सापडेनासा झाला तेव्हा त्या नंबरामुळेच शोधता आला.

माझा बेत होता दिवाळीच्या आधी, ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात जायचा. १५ ऑक्टोबरला विधानसभेची आचारसंहिता लागली आणि सगळं थांबलं. अर्धे कर्मचारी निवडणूक ड्युटीवर, ‘मॅडम, निकाल लागेपर्यंत विचारूच नका’ असं उत्तर. २० नोव्हेंबरला मतदान झालं, २३ला निकाल, आणि माझ्या हातात परवानगीचं पत्र आलं ९ डिसेंबरला. एकूण सात फेऱ्या, त्यातल्या दोन नुसत्या एका सहीसाठी. या उशिराने पुढे काय केलं ते सांगतेच.

१४ डिसेंबरला, शनिवारी, आम्ही दोघी पाड्यावर गेलो. हा सगळा तालुका पेसा क्षेत्रात येतो, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना जास्त अधिकार देणारा कायदा इथे लागू आहे, त्यामुळे ग्रामसभेला विचारल्याशिवाय असं काही करूच नये, आणि कायदा बाजूला ठेवला तरी कुणाच्या गावात वीस माणसं आठवडाभर राहायला जायची तर विचारायलाच हवं ना. सरपंच, ग्रामसेवक, आशाताई आणि तीसेक माणसं जमली. मी आमचा उद्देश सांगितला. त्यावर एका काकांनी विचारलं, ‘मागं आलते त्यांनी रक्त नेलं, त्याचं काय निघालं ते कुणी सांगाय आलं नाही. तुमी सांगाल का?’ दुसऱ्या एका बाईंनी विचारलं की आमच्या घराचे फोटो काढून कुठे लावणार. मग तिथेच तीन गोष्टी ठरल्या. फोटो नाही. पहिले दोन दिवस कुठलाही फॉर्म नाही. आणि जे काही समजेल ते २६ जानेवारीच्या ग्रामसभेत सगळ्यांसमोर सांगायचं, गावाला पटलं तरच कॉलेजच्या फाईलला लावायचं. शिवाय पाड्यावरच्या पाच जणांनी मुलींना शिकवायचं, आणि त्याचे रोजचे ४०० रुपये आम्ही द्यायचे, कारण द्राक्षाच्या बागेत तेव्हा तेवढीच मजुरी मिळत होती. लोकांचा दिवस मोडून शिकायचं तर त्याची मजुरी द्यायलाच पाहिजे, याबद्दल माझं मत अगदी ठाम आहे.

४ जानेवारीला पालकांची बैठक घेतली. २१ मुलींनी नावं दिली होती, तिघींच्या घरून नकार आला. पालकांची भीती खरी असते, तिला उडवून लावू नका. संडास किती, दार आतून लागतं का, रात्री कुणी आजारी पडलं तर गाडी कोणती, सर्पदंशावरचं इंजेक्शन जवळच्या आरोग्य केंद्रात आहे का, याची उत्तरं मी आधीच फोन करून लिहून नेली होती, त्यामुळे बाकीच्या तयार झाल्या.

१८ जानेवारीला निघण्याआधीच्या तासाला प्रत्येकीला एक चिठ्ठी दिली आणि लिहायला सांगितलं, तिथली माणसं जास्त आजारी का पडतात असं तुला वाटतं. नाव घालायचं नाही. चिठ्ठ्या पाकिटात घालून चिकटवून टाकल्या.

२० जानेवारीला सोमवारी सकाळी मिनीबसने निघालो, सावळ घाट उतरून दुपारी एकच्या सुमारास पोचलो आणि सामान समाजमंदिरात टाकून पाड्यात फिरायला निघालो तर एकामागून एक घराला कुलूप. ५२ घरं, त्यातली २३ बंद. ओट्यावर बसलेल्या एका आजींनी सांगितलं, ‘पोरं बागंला गेलीत. होळीला येतील.’ दिंडोरी, निफाडकडे द्राक्षाच्या बागांवर इथली माणसं दिवाळीनंतर जातात हे मला माहीत होतं. वर्गात स्थलांतर या विषयावर मी तास घेते. आणि तरी नवी तारीख ठरवताना मी फक्त कॉलेजच्या परीक्षा आणि सुट्ट्या बघितल्या, हे मनात आलं नाही. डिसेंबरच्या बैठकीला म्हातारी माणसंच जास्त का आली होती ते मला त्या ओट्यापाशी उभं राहून कळलं. रात्री मुलींना मी हे सांगितलं, की चूक माझी आहे, आणि आपला बेत आता बदलावा लागेल.

दुसऱ्या दिवशीही वेळापत्रक कोसळलंच. सकाळी दहाला घरभेटी लावल्या होत्या, घरात कुणीच नाही, बायका पाण्याला आणि सरपणाला. आम्हाला शिकवायला नेमलेल्या पाच जणांपैकी एक मावशी म्हणाल्या, ‘घरात बसून काय इचारता, चला संगं.’ मग मुली हंडे घेऊन त्यांच्यासोबत गेल्या. विहीर खाली, चढ खडा, सकाळच्या चार खेपा. पावसाळ्यात इथे धो धो पाऊस कोसळतो आणि उन्हाळ्यात याच विहिरीला खडखडाट असतो, तेव्हा अंतर याच्या दुप्पट होतं असं मावशींनी सांगितलं. दुसऱ्या खेपेलाच दोन मुली बसल्या. ॲनिमियाचं आमचं शिकवणं काय असतं, लोहाच्या गोळ्या आणि हिरव्या पालेभाज्या. त्या दिवशी आशाताईंनी सांगितलं की गोळ्या घरात असतात, बायकांना माहितीही सगळी असते, पण सकाळी उपाशीपोटी गोळी घेतली की मळमळतं आणि मळमळत असताना पाणी भरून कामाला कसं जायचं, म्हणून राहते. रात्री जेवणानंतर घ्या असं सांगायला त्यांनी सुरुवात केली तेव्हापासून घेणाऱ्या वाढल्यात. माझ्या एका विद्यार्थिनीने हे वहीत लिहून त्याखाली दोन रेघा मारल्या. पुढच्या सगळ्या भेटी आम्ही संध्याकाळी दिवेलागणीनंतर ठेवल्या.

२२ तारीख मी कधी विसरणार नाही. बेत असा होता की सहा मुलींनी माझ्यासोबत पाड्यावरून निघायचं आणि एखादा पेशंट जसा जाईल तसं थेट नाशिकच्या सिव्हिल हॉस्पिटलपर्यंत जायचं. कॉलेजची गाडी नाही, ओळख सांगायची नाही, आणि वेळ आणि रुपये दोन्ही लिहीत जायचं. पहाटे सहा वाजून दहा मिनिटांनी निघालो. आरोग्य केंद्र नऊ किलोमीटर. जीप भरली तरच सुटते, ती मिळाली नाही म्हणून चाललो, दोन तास पंचवीस मिनिटं. तिथून पेठला जायला गाडीची पंचावन्न मिनिटं वाट बघितली. पेठहून एसटी. सिव्हिलच्या दारात पोचलो तेव्हा एक वाजून चाळीस मिनिटं झाली होती आणि सकाळच्या ओपीडीची वेळ टळून गेली होती. म्हणजे धडधाकट वीस-एकवीस वर्षांच्या मुलींना साडेसात तास लागले, तापाने फणफणलेलं मूल कडेवर नसताना. आदिवासी भागात तीन हजार लोकांमागे एक उपकेंद्र आणि वीस हजारांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, हे आकडे या मुलींना परीक्षेसाठी तोंडपाठ आहेत. परतीच्या एसटीत एक जण म्हणाली, ‘मॅडम, त्या आकड्यात चढ धरलेला नाही.’

रात्री कंदिलाच्या उजेडात हिशेब मांडला. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरपासून सगळं मोफत आहे, ही खरंच मोठी गोष्ट आहे. पण बाई पेशंट आणि सोबत एक पुरुष धरला तर, जीपचे आधी ४० आणि मग ५० असे माणशी, एसटीत तिचं हाफ तिकीट ४५ आणि त्याचं ९०, जाऊन येऊन ६३०. दोघांचं बाहेरचं खाणं १२०. दोघांची बुडालेली मजुरी ८००. एकूण १,५५० रुपये, मोफत उपचाराचे. १०८ची गाडी फुकट आहे हे पाड्यावर लहान मुलालाही माहीत आहे, पण फोनला रेंज यायला टेकडी चढावी लागते.

भगताकडे, म्हणजे गावच्या वैदू-मांत्रिकाकडे, का जातात हा प्रश्न मग मुलींनी २३ तारखेला स्वतः भगतांनाच विचारला. ते दहा मिनिटांच्या अंतरावर राहतात, मध्यरात्री उठून येतात, मोबदला भात निघाल्यावर दिला तरी चालतो. साप चावला तर ते आता स्वतःच आरोग्य केंद्रात पाठवतात. याहून जास्त मी त्यावर लिहीत नाही, मुलींनी जे समजायचं ते समजून घेतलं.

२४ला आम्ही गावाच्या मागे गेलो, म्हणजे गाव जिथे गेलं होतं तिथे. पाच मार्गदर्शकांपैकी एक काका सोबत आले आणि त्यांच्याच ओळखीने दिंडोरी तालुक्यातल्या एका बागेवर पोचलो, बागवाल्यांनीही अडवलं नाही. बागेच्या कडेला प्लास्टिकच्या कागदाच्या खोपटी. कुलूप लावलेल्या घरांमधली माणसं तिथे भेटली. एका खोपटीत दीड वर्षांचं बाळ, त्याच्या आईच्या परवानगीने दंडाला कुपोषण मोजायची पट्टी लावली, ११.२ सेंटीमीटर. साडेअकराच्या खाली म्हणजे लाल, अतितीव्र कुपोषण, हे मुलींना येतं. पण बाळाचा घरपोच आहार पाड्यावरच्या अंगणवाडीत येतो आणि बाळ इथे. लसीकरणाचं कार्ड घराच्या पेटीत, कुलपाच्या आत. आईला सगळं ठाऊक होतं, वजन कमी आहे हे तिने आमच्या आधी सांगितलं.

तिथे माझी एक विद्यार्थिनी, मूळची बीड जिल्ह्यातली, पूर्ण वेळ गप्प होती. रात्री पाड्यावर परत आल्यावर ती बोलली. तिचे आईवडील ऊसतोडीला जातात, सहा वर्षांची होईपर्यंत ती कोपीवर, म्हणजे ऊसतोड कामगारांच्या झोपडीत राहिलीये. म्हणाली, ‘आमच्या कोपीवर पण अशाच ताया फॉर्म घेऊन यायच्या. माझी आई उत्तरं द्यायची आणि त्या गेल्यावर म्हणायची, परत येणार नाहीत. मॅडम, आपण त्या बाळासाठी परत जाऊ का?’ तीन वर्षं ती माझ्या वर्गात आहे आणि मला हे माहीत नव्हतं. आपण मुलींना विषमता ‘दाखवायला’ बाहेर नेतो, आणि वर्गातल्याच काही जणी ती जगून आलेल्या असतात. पुढच्या वेळी जाण्याआधीच्या तासांत यासाठी जागा ठेवायची, पण कुणाला बोलायची सक्ती करायची नाही, हे मी त्या रात्री लिहून ठेवलं.

बाळासाठी आम्ही दुसऱ्या दिवशी दोन्हीकडच्या अंगणवाडी सेविकांना फोनवर जोडून दिलं, म्हणजे बागेजवळच्या अंगणवाडीत त्याचं नाव घालता येतं ते त्यांनी केलं. ३ फेब्रुवारीला ती विद्यार्थिनी आणि मी परत गेलो. १२ मार्चला पुन्हा. तेव्हा पट्टी ११.९ वर होती, म्हणजे लालमधून पिवळ्यात. अजून धोका आहेच.

२५ जानेवारीला आम्ही ग्रामसभेची तयारी करत बसलो होतो तेव्हा जीपवाल्याकडून कळलं की एसटीचं भाडं त्याच दिवसापासून जवळपास १५ टक्क्यांनी वाढलंय. मुलींनी हिशेब खोडून परत केला, १,५९०. दुसऱ्या दिवशी झेंडावंदनानंतर ग्रामसभा. बंद घरांतली सात-आठ माणसं सुट्टी टाकून आली होती. मुलींनी मोठ्या कागदावर पाड्यापासून सिव्हिलपर्यंतची वाट काढली होती, प्रत्येक थांब्यावर वेळ आणि रुपये लिहिलेले. सगळं ऐकून झाल्यावर मागून एक बाई उठल्या आणि म्हणाल्या, ‘पोरींनो, तुमी रात धरलीच नाही.’ शेवटची जीप चारला निघून जाते, नाशिकहून त्याच दिवशी पाड्यावर पोचता येतच नाही, दवाखान्याच्या पडवीत नाहीतर स्टँडवर रात्र काढावी लागते. आम्हाला परत येताना आमच्या मिनीबसने पेठच्या स्टँडवरून घेतलं होतं, ते आमच्या लक्षातच आलं नव्हतं. दोघांची आणखी एक दिवसाची मजुरी, रात्रीचं खाणं, की आकडा अडीच हजाराच्या आसपास जातो. एका विद्यार्थिनीने तिथेच, सगळ्यांसमोर, मार्करने १,५९० वर काट मारली. ग्रामसभेने तो कागद ठेवून घेतला आणि दुपारची जीप संध्याकाळी सहापर्यंत थांबावी असा विषय इतिवृत्तात लिहिला गेला.

पैशांचं सांगते, कारण सगळ्यात जास्त तेच विचारलं जातं. जेवण बचत गटाच्या बायकांनी केलं, माणशी रोजचे १५० रुपये, वीस जणींचे सहा दिवसांचे १८,०००. नागलीची भाकर, उडदाची डाळ, भात. मार्गदर्शकांचे १०,०००. मिनीबस जाऊन येऊन १३,००० आणि मधल्या दोन दिवसांच्या फेऱ्यांचे ४,०००. प्रथमोपचार, कागद, टॉर्च वगैरे २,२००. एकूण ४७,२००. कॉलेजने ३०,००० दिले. मुलींकडून प्रत्येकी ६०० ठरले होते, सोळा जणींनी दिले, दोघींनी दिले नाहीत आणि आम्ही मागितलेही नाहीत. उरलेले ७,६०० आम्ही दोघींनी घातले. बचत गटाला पक्कं बिल देता येत नाही, तेव्हा साध्या पावतीवर गटाचा शिक्का आणि अध्यक्ष, सचिवांच्या सह्या घेतलेल्या चालतील का, हे अकाउंटला जाण्याआधीच विचारा. माझं तेच प्रकरण मेपर्यंत लांबलं.

आणखी किरकोळ पण महत्त्वाचं. पाळीच्या पॅडसाठी कागदी पिशव्या न्या आणि तो कचरा परत शहरात आणा, पाड्यावर टाकू नका. जुने कपडे वाटायला नेऊ नका, आमच्या काही मुलींनी गोळा केले होते, आशाताईंनी आधीच फोनवर ‘ते नका आणू’ असं स्पष्ट सांगितलं म्हणून राहिले. एकीला जुलाब झाले, ओआरएसवर दुसऱ्या दिवशी उठून बसली.

२८ जानेवारीला वर्गात पाकीट फोडलं. अठरा चिठ्ठ्यांपैकी तेरांवर अज्ञान किंवा अंधश्रद्धा. मी वाचून दाखवल्या आणि काही बोलले नाही. मुलींनी आपणहून सर्व्हे फॉर्मचा तो शेवटचा रकाना काढायची मागणी केली. त्याजागी आता चार रकाने आहेत : दवाखान्याला पोचायला लागणारा वेळ, जाऊन येऊन खर्च, बुडणारी मजुरी, आणि रात्र काढावी लागते का. फॉर्म बदलायला विभागप्रमुखांची मंजुरी लागते, ती एप्रिलमध्ये मिळाली.

यंदाचा अर्ज २ जूनलाच दिलाय, हमीपत्रासकट. तारीख मात्र आम्ही ठरवली नाही, पाड्यावर फोन करून विचारली. ओट्यावरच्या आजींनी निरोप दिलाय की भाताच्या लावणीला या, तेव्हा सगळी घरं उघडी असतात, पण मग पोरींना चिखलात उतरावं लागेल, नुसतं बांधावर उभं राहायचं नाही. गेल्या वेळच्या अकरा जणींनी पुन्हा नाव घातलंय.